खोक्यांवर उभी तीन मुलं: राजकीय चित्रांची थट्टा कशी होते

(युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसातले नऊ-दहा तास माणसांपेक्षा मशीनशीच जास्त बोलते. मूळची मिरजेची, इंजिनिअरिंग सांगलीला केलं, नोकरी पुण्यात. आपल्या चळवळीत माझं काम पडद्यामागचं आहे. वेबसाइट बघायची, शिष्यवृत्तीच्या अर्जांची यादी ठेवायची आणि सोशल मीडियावर टाकायची चित्रं बनवायची. आकडे, बाण, रंगीत चौकटी असलेली चित्रं, ज्यांना आपण इन्फोग्राफिक म्हणतो. आज मी त्यांच्याबद्दलच बोलणार आहे. ती बनवायची कशी ते नाही सांगणार, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. बनवून सोडून दिल्यावर त्यांचं पुढे काय होतं, ते सांगणार आहे.

माझ्यावर गुदरलेला प्रसंग आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या मोहिमेसाठी मी एक चित्र केलं होतं. तुम्ही ते शंभर वेळा पाहिलेलं आहे. एक लाकडी कुंपण, पलीकडे सामना चाललाय, अलीकडे तीन मुलं. एक उंच, एक मध्यम, एक बुटका. डाव्या चौकटीत तिघांना एकेक खोकं दिलंय, तरी बुटक्याला काही दिसत नाही. उजव्या चौकटीत उंच मुलाचं खोकं बुटक्याला दिलंय, आता तिघांनाही सामना दिसतो. डावीकडे लिहायचं ‘समानता’, उजवीकडे ‘न्याय’. मी मूळ चित्रातला बेसबॉल काढून क्रिकेट घातलं. वर मथळा दिला, ‘महाराष्ट्रातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती का हवी?’ खाली आकडे दिले, ‘मुस्लिम साक्षरता ५९.१ टक्के, एकूण साक्षरता ६५.१ टक्के’. रात्री बारा वाजता पूर्ण केलं आणि टाकून दिलं.

चार दिवसांनी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते परत आलं. कुंपण तेच, क्रिकेट तेच, माझीच रंगसंगती. बुटक्या मुलाच्या डोक्यावर जाळीची टोपी आली होती. तो सात-आठ खोक्यांच्या चवडीवर उभा होता. उरलेली दोन मुलं कुंपणामागे खाली बसली होती. खोक्यांवर कुणीतरी ‘पन्नास’ असं लिहिलं होतं. (हसू नका. म्हणजे हसा, मलाही क्षणभर हसू आलं होतं. २०२२ च्या ‘पन्नास खोके’वाल्या घोषणेनंतर महाराष्ट्रात खोकं हा शब्द सरळ उरलेलाच नाही.) ‘न्याय’ शब्दावर काट मारून ‘लाड’ लिहिलं होतं. अगदी तळाला बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. ती मी त्या रात्री वाचलीच नाही. तिच्याकडे शेवटी येते.

ते चित्र ग्रुपवर टाकणारे आमच्याच मजल्यावरचे काका होते. माझ्या लेकीला कांजिण्या झाल्या तेव्हा औषधं आणून देणारे. पुढे तीन हसरे चेहरे टाकले होते. मला झोप लागली नाही. टोपीचा राग तर होताच. पण इंजिनिअर म्हणून दुसरा प्रश्न डोक्यात फिरत होता. माझ्या चित्राचा अर्थ उलटवायला त्या माणसाला किती वेळ लागला असेल? फार तर दहा मिनिटं. इतकं सोपं कसं काय होतं?

मग मी या चित्रांच्या मागे लागले. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात. साचा वेगळा आणि त्यात भरायचा माल वेगळा. शाळेच्या दाखल्याचा छापील नमुना हा साचा. नाव, जन्मतारीख, इयत्ता हा माल. साचा एकदा केला की माल बदलत राहायचा. इन्फोग्राफिक बनवणारा समजतो की आपण एक विधान केलं. प्रत्यक्षात पुष्कळदा त्याने एक साचा तयार केलेला असतो आणि त्यात पहिला माल भरलेला असतो, एवढंच. दुसरा माल कुणीही भरू शकतो. साच्याला मालकाशी काही देणंघेणं नसतं.

कुठल्या चित्राचा साचा होतो? मला तीन लक्षणं दिसली. एक, ते पाहताक्षणी ओळखू येतं. दोन, त्यातली नावं आणि शब्द आकृतीपासून वेगळे असतात, म्हणजे पुसून दुसरे लिहिता येतात. तीन, चौकटींना ठरलेला क्रम असतो. पहिल्या चौकटीत तयारी आणि शेवटच्या चौकटीत धक्का. विनोदाचीही रचना हीच असते. म्हणून गंभीर चित्र आणि विनोद यांच्यात फक्त शब्दांचं अंतर उरतं.

सगळ्यात सोपं उदाहरण ‘पॉलिटिकल कंपास’चं. डावे-उजवे हे शब्द १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेत कोण कुठे बसत होतं त्यावरून आले. एका रेषेवर सगळं राजकारण मावत नाही, ही तक्रार जुनीच आहे. २००१ साली पॉलिटिकल कंपास नावाची वेबसाइट आली. तिने दोन रेषा घेतल्या. आडवी रेषा आर्थिक डाव्या-उजव्याची. उभी रेषा सत्तेची, म्हणजे वर हुकमत मानणारे आणि खाली व्यक्तीचं स्वातंत्र्य मानणारे. प्रश्नांना उत्तरं द्यायची, की तुमचा एक ठिपका चार चौकोनांपैकी एकात पडतो. हेतू गंभीर होता. पण चार रंगीत चौकोन म्हणजे आयता साचा. लोकांनी त्यात बिस्किटं टाकली, कार्टूनमधली पात्रं टाकली, मांजरी टाकल्या. रेडिटवर त्याचा स्वतंत्र अड्डाच झाला. काल रात्री आपल्या मुलांनी इथे बिर्याणीचा कंपास केला, त्यात बटाटा घालणाऱ्यांना हुकूमशहांच्या चौकोनात टाकलं, ते मी पाहिलंय.

ही थट्टा निर्मळ आहे. पण तिच्यात एक नेमकी टीका दडलेली आहे. दोन रेषा काढल्या की बिर्याणीलाही जागा मिळते. म्हणजे जागा मिळाली याचा अर्थ मोजमाप झालं असा होत नाही. शंभर पानांच्या निबंधाला जे सांगायला वेळ लागला असता ते बटाट्याने सांगितलं.

आता माझ्या तीन मुलांकडे येते. हे चित्र कुणाचं, माहीत आहे? मला माहीत नव्हतं. मी ते बिनधास्त उचललं होतं.

ते क्रेग फ्रेली नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाचं आहे. सिनसिनाटी विद्यापीठात ते व्यवस्थापनशास्त्र शिकवतात. २०१२ च्या अखेरीला, तिथली अध्यक्षीय निवडणूक आटोपल्यावर, ऑनलाइन वाद चालला होता. सर्वांना समान वागणूक म्हणजे काय, समान संधी की समान परिणाम? फ्रेलींनी आपला मुद्दा समजावायला सिनसिनाटीच्या बेसबॉल मैदानाचा एक फोटो घेतला, खोक्याचं आणि कुंपणाचं चित्र घेतलं आणि अर्धाएक तास पॉवरपॉइंटमध्ये बसून ही आकृती जुळवली. गुगल प्लसवर टाकली. त्या आकृतीवर ‘समानता’ आणि ‘न्याय’ असे शब्द नव्हतेच. डावीकडे होतं, परंपरावाद्यांच्या लेखी समानता. उजवीकडे होतं, उदारमतवाद्यांच्या लेखी समानता. म्हणजे ते दोन पक्षांच्या दृष्टीतला फरक दाखवणारं चित्र होतं. वादातला एक मुद्दा होता तो.

पुढे लोकांनी शब्द पुसले. ‘समानता’ आणि ‘न्याय’ आले. मग कुणी तिसरी चौकट जोडली, तिच्यात कुंपणच काढून टाकलं. कुणी ‘वास्तव’ नावाची चौकट केली. तिच्यात उंच मुलगा खोक्यांच्या मनोऱ्यावर आणि बुटका खड्ड्यात. २०१६ मध्ये अँगस मॅग्वायर या चित्रकाराने एका अमेरिकन संस्थेसाठी ते नीट रेखाटलं आणि ते सर्वांना वापरायला मोकळं ठेवलं. जगभरच्या प्रशिक्षण वर्गांत ते पोचलं. त्याचबरोबर विरुद्ध बाजूनेही ते उचललं. ‘ही मुलं तिकीट न काढता फुकटात सामना बघतायत’ इथपासून ‘उंच मुलाने काय पाप केलं?’ इथपर्यंत. फ्रेलींनी पुढे स्वतःच या प्रवासावर लिहिलं. आपल्या हातून अपघाताने मीम झालं, असा त्यांचा सूर होता.

इथवर मला वाटत होतं की चूक थट्टा करणाऱ्यांची. मग २०१६ मधलीच एक टीका वाचली, पॉल कटनर या शिक्षणक्षेत्रातल्या अभ्यासकाची. ते न्यायाच्या बाजूचे आहेत, विरोधातले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की या चित्रात कमतरता कुठे दाखवली आहे ते पाहा. मुलाच्या शरीरात. बुटका मुलगा जन्माने बुटका आहे. म्हणजे ज्या समाजाला मागे ठेवलं गेलं, तो मुळातच खुजा आहे, असं चित्र नकळत सांगतं. खरं तर काही मुलांच्या पायाखालची जमीन खचलेली आहे, काहींच्या समोरचं कुंपण जास्त उंच बांधलेलं आहे. उंची सारखीच असू शकते.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला. टोपी चढवणाऱ्याने नेमकं तेच केलं होतं ना? त्याने बुटक्याला बुटकाच ठेवला. मी त्याच्या हातात आयता खुजा मुलगा दिला होता. त्याने फक्त टोपी घातली.

मराठी वाचकाला हे नवीन नाही. आचार्य अत्र्यांचं ‘झेंडूची फुले’ १९२५ चं. रविकिरण मंडळाच्या कवितेची त्यांनी जी विडंबनं केली ती कुठे लागली? कवितेत जिथे नुसती सवय उरली होती, तिथे. विडंबन करणारा हुशार असला तर तो बरोबर सांध्यावर बोट ठेवतो. आमच्या भाषेत सांगायचं तर तो फुकटात बग शोधून देतो.

दुसरं उदाहरण आपल्याशी जास्त जवळून संबंधित आहे. कार्ल पॉपर हे व्हिएन्नात जन्मलेले तत्त्वज्ञ, ज्यू वंशाचे. हिटलरचं सावट वाढत होतं तेव्हा, १९३७ मध्ये, त्यांनी देश सोडला आणि न्यूझीलंडला गेले. तिथे लिहिलेलं त्यांचं पुस्तक, ‘द ओपन सोसायटी अँड इट्स एनिमीज’, १९४५ ला आलं. त्याच्या पहिल्या खंडातल्या एका टिपेत त्यांनी सहिष्णुतेचा विरोधाभास मांडला आहे. अमर्याद सहिष्णुता ठेवली तर असहिष्णू लोक सहिष्णू समाजच संपवतील, असा.

मेक्सिकोतल्या पिक्टोलाइन या चित्रमाध्यम संस्थेने यावर छोटी चित्रमालिका केली. हसरे पॉपर, समोर नाझी, शेवटी निष्कर्ष. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत शार्लट्सविलला गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मोर्चा निघाला, विरोध करणाऱ्यांच्या अंगावर गाडी घातली गेली, एक महिला मेली. त्यानंतर ही चित्रमालिका तुफान फिरली. तिच्यामागची कळकळ खरी होती, याबद्दल मला शंका नाही.

पण पॉपर यांची टीप तेवढ्यावर थांबत नाही. जोवर युक्तिवादाने आणि लोकमताच्या जोरावर असहिष्णू विचारांना आवरता येतंय, तोवर त्यांच्यावर बंदी घालणं शहाणपणाचं नाही, असं ते तिथेच म्हणतात. दडपण्याचा हक्क ते राखून ठेवतात तो अशांसाठी, जे बोलायलाच तयार नाहीत आणि युक्तिवादाला मुठीने किंवा पिस्तुलाने उत्तर द्यायला शिकवतात. ही अट चित्रात गेली कुठे? लोकांपर्यंत जे पोचलं त्यात ती उरली नव्हती. उरलं एवढंच, ‘अशांना सहन करू नका.’

आता विचार करा, ‘अशांना सहन करू नका’ हा केवढा सोयीचा साचा आहे. नाझी पुसून कुणी कम्युनिस्ट टाकला. कुणी अमुक पक्ष टाकला. कुणी मुसलमान टाकला. पॉपर तसेच हसत राहिले. अट शाबूत असती तर टाकणाऱ्याला निदान दाखवावं लागलं असतं की ज्याला मी इथे बसवतोय तो बोलायला नकार देतोय, मुठी उगारतोय. ज्या समाजाचे आपण आहोत, त्याला या गोष्टीचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. कुणाच्या तरी चित्रातून अट गळते आणि त्या रिकाम्या जागेत आपण बसवले जातो. म्हणून आपण स्वतः चित्र काढताना अट गाळायची नाही, एवढं तरी पाळलं पाहिजे.

तिसरं उदाहरण ब्रिटनचं. तिथेही आपल्यासारखीच निवडणूक आहे. मतदारसंघात ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो निवडून आला. अशा पद्धतीत लहान पक्षाला कायम एकच भीती असते, ‘यांना मत देऊन वाया जाईल’. लिबरल डेमोक्रॅट पक्ष त्यावर उपाय म्हणून घरोघरी पत्रकं वाटतो. त्यावर खांबांचा आलेख असतो. सांगायचं असतं ते हे, की अमक्याला इथे फक्त आम्हीच हरवू शकतो, तिसऱ्याला मत देऊ नका. या आलेखांतले खांब अनेकदा आकड्यांशी जुळत नाहीत, आणि त्यासाठी ते बदनाम आहेत. तिथल्या लोकांनी त्याचाही साचा केला. खांबांची उंची मनाला येईल तशी आणि खाली लिहायचं, ‘इथे फक्त आम्हीच जिंकू शकतो’. कुठल्याही विषयावर.

२०१९ मध्ये नॉर्थ ईस्ट सॉमरसेट मतदारसंघात तर कहर झाला. हुजूर पक्षाचे जेकब रीस-मॉग तिथले खासदार. लिबरल डेमोक्रॅटांच्या आलेखात ते स्वतः दुसऱ्या क्रमांकावर दिसत होते. त्यामागच्या पाहणीत लोकांना विचारलेला प्रश्न असा होता: समजा तुमच्या मतदारसंघात लढत फक्त हुजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट यांच्यातच चुरशीची आहे, बाकी कुणाला संधी नाही, तर मत कुणाला द्याल? उत्तर प्रश्नातच भरलेलं होतं. टीव्हीवर पक्षाच्या नेत्या जो स्विन्सन यांना त्याचा जाब विचारला गेला. निकाल लागला तेव्हा दुसरा आला मजूर पक्ष. हे तिसरे.

या थट्टेबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. ती मतदाराच्या बाजूची आहे. दर निवडणुकीत आपल्या मोहल्ल्यांत कोणी ना कोणी येतो आणि सांगतो, इथे फक्त आम्हीच त्यांना हरवू शकतो, दुसऱ्याला दिलंत तर मतं फुटतील. त्याच्या हातात आलेख असेल तर विचारा, हे आकडे कुठल्या निवडणुकीचे? लोकसभेचे की नगरपालिकेचे? पाहणीत प्रश्न काय विचारला होता? नाहीतर तुमच्याही मोबाइलवर मीम बनवायचं ॲप आहेच.

आता मूळ प्रश्न. असं घडणारच असेल तर चित्रं काढूच नयेत का?

याचं उत्तर मला पॉपर यांच्याच व्हिएन्नात मिळालं. तिथे १९२५ मध्ये ओटो नॉयराथ यांनी समाज आणि अर्थव्यवहाराचं एक संग्रहालय सुरू केलं. कामगारांना आकडेवारी समजावी म्हणून. पुढे आयसोटाइप या नावाने ती चित्रपद्धत जगभर गेली. त्यांचा एक नियम असा: जास्त माणसं दाखवायची तर माणसाचं चित्र मोठं करायचं नाही, तेवढ्याच आकाराची जास्त माणसं काढायची. म्हणजे कुणालाही मोजून पाहता येतं. ब्रिटनच्या त्या खांबांना हा एक नियम लावला असता तर निम्मी थट्टा टळली असती.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. त्यांच्याकडे आकडे जमवणारे तज्ज्ञ वेगळे, चित्रकार वेगळे आणि मध्ये आणखी एक माणूस असायचा. त्या कामाला ते ट्रान्सफॉर्मर म्हणायचे. मारी राइडेमाइस्टर, नंतरच्या मारी नॉयराथ, हे काम करायच्या. आकड्यांतलं काय दाखवायचं, काय सोडायचं, तुलना कशाशी करायची, हे ठरवणं हेच त्यांचं काम. आपल्याकडे हे काम कोण करतं? कोणीच नाही. तज्ज्ञही मी, चित्रकारही मी, मधली बाईही मी, आणि वेळ रात्री बाराची.

आता ती तळाची बारीक ओळ.

दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. मिरजेहून. त्याच्याकडेही ते चित्र पोचलं होतं. मला वाटलं टोपीबद्दल बोलेल. तो म्हणाला, “आपा, खालचा आकडा खरा आहे का गं?”

मी तेव्हा पहिल्यांदा खाली पाहिलं. लिहिलं होतं: ‘महाराष्ट्रात मुस्लिम साक्षरता ७८.१ टक्के, राज्याची ७६.९ टक्के. मग खोकी कशाला?’

मी शोधलं. आकडा खरा होता. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता राज्याच्या सरासरीपेक्षा जास्तच आहे. माझे ५९.१ आणि ६५.१ हेही खरे होते, सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातले. पण ते देशाचे होते, तेही २००१ च्या जनगणनेवरचे. मी ते ‘महाराष्ट्रातल्या’ या मथळ्याखाली चिकटवले होते. वर्ष लिहिलं नव्हतं. देशाचे आहेत हेही लिहिलं नव्हतं.

मग शिष्यवृत्तीची मागणी खोटी ठरते का? नाही. महाराष्ट्रातले मुस्लिम बहुसंख्येने शहरांत राहतात आणि शहरात साक्षरता सगळ्यांचीच जास्त असते. म्हणजे शहराशी शहर ताडून पाहायला हवं होतं. आणि शिष्यवृत्तीचा प्रश्न अक्षरओळखीचा नाहीच, तो पुढे किती मुलं टिकतात याचा आहे. त्याच सच्चर अहवालात आहे की देशात २० वर्षांवरच्या लोकांत पदवी किंवा पदविकाधारक साधारण सात टक्के, तर मुस्लिमांत चार टक्क्यांहून कमी. मला हा आकडा वापरायला हवा होता, ‘देश, २००१’ असं ठळक लिहून. मी तो का घेतला नाही? कारण ५९ आणि ६५ पटकन सापडले.

म्हणजे त्या एकाच चित्रात वर शिवी होती आणि खाली माझ्या चुकीची दुरुस्ती होती. मी शिवी वाचली आणि दुरुस्ती वाचली नाही. करणाऱ्याने दोन्ही एकत्र बांधलं होतं, कदाचित मुद्दामच. राग आलेला माणूस खालची ओळ वाचत नाही, हे त्याला माहीत असावं.

मी दुरुस्तीची पोस्ट लिहिली. आपल्यातल्या एका ज्येष्ठ साथींनी मला थांबवलं. म्हणाले, “बेटा, चूक कबूल केलीस की ते तेवढंच कापून फिरवतील. गप्प बस, चार दिवसांत विसरतील.” त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आपल्या माणसांनी केलेल्या कबुलीचा कसा वापर होतो, हे त्यांनी माझ्यापेक्षा चाळीस वर्षं जास्त पाहिलंय. पण मला भावाचा प्रश्न आठवत होता. त्याने टोपीबद्दल विचारलं नव्हतं. त्याला आकडा खरा आहे का ते हवं होतं. उद्या त्याच्या कॉलेजात कुणी तोच आकडा तोंडावर मारला तर तो काय सांगणार? माझी आपा म्हणाली गप्प बस?

मी दुरुस्ती टाकली. चूक कुठे झाली, बरोबर आकडा कुठला, शिष्यवृत्ती तरीही का हवी, एवढंच. टोपीबद्दल वेगळी एक ओळ: कुणाच्या डोक्यावर काय आहे यावरून त्याची लायकी ठरत नाही.

आणि हो, त्या साथींचा अंदाज खरा ठरला. दुरुस्तीतलं ‘माझी चूक झाली’ एवढंच कापून ते फिरलं. तीन-चार ठिकाणी मी स्वतः पाहिलं. हे तुमच्यापासून लपवणार नाही.

काकांना मी पार्किंगमध्ये गाठलं. म्हटलं, काका, ते खोक्यांचं मूळ चित्र माझं होतं. ते गडबडले. “अगं, मला आलं, मी पुढे ढकललं. तुझं आहे हे कुठे माहीत होतं?” मी म्हटलं, माझं नसतं तर चाललं असतं का? ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “पण तो आकडा खरा होता ना?” मी म्हटलं, हो, खरा होता, आणि सगळं समजावून सांगितलं, पदवीधरांचा आकडाही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. पण तो आकडा मी आधी मान्य केला नसता तर त्यांनी पुढचं ऐकलंच नसतं, एवढं मी खात्रीने सांगते.

तेव्हापासून मी चित्र टाकण्याआधी काही गोष्टी करते. मथळ्यातला प्रदेश आणि आकड्यातला प्रदेश एकच आहे का ते बघते. वर्ष आणि स्रोत तळाला न लिहिता आकड्याला चिकटूनच लिहिते, कारण कापताना तळच आधी जातो. कमतरता माणसाच्या अंगात दाखवत नाही, जमिनीत किंवा कुंपणात दाखवते. अट असेल तर ती चौकटीत घेते, आणि बसत नसेल तर चित्र न करता चार ओळी लिहिते. आणि रात्री बारानंतर काही टाकत नाही.

पण सगळ्यात उपयोगी पडली ती एक सवय, आमच्या ऑफिसातली. तिथे प्रोग्राम लिहिणारा आणि तपासणारा वेगळे असतात. टेस्टरचं कामच असतं तो प्रोग्राम मोडून दाखवणं. चांगला टेस्टर जरा खवचट असावा लागतो. अमेरिकेतल्या सेंटर फॉर स्टोरी-बेस्ड स्ट्रॅटेजी या संस्थेने त्या खोक्यांच्या चित्राला एक रिकामी चौथी चौकट जोडली आणि लोकांना सांगितलं, हिच्यात तुम्ही भरा. मला ते फार आवडलं. दुसऱ्याने भरण्याआधी आपणच भरून बघायचं.

म्हणून दुपारी चहानंतर आपण तेच करणार आहोत. प्रत्येक गटाने या वर्षी बनवलेलं एक चित्र आणायचं आणि शेजारच्या गटाला द्यायचं. त्या गटाने वीस मिनिटांत त्याची जास्तीत जास्त वाईट थट्टा करायची. टोपी घाला, टिळा लावा, शब्द पुसा, काय वाटेल ते करा. मग दोन याद्या करायच्या: यातलं काय नुसता द्वेष आहे, आणि कुठे आपलंच चित्र कच्चं आहे. पहिल्या यादीचं काय करायचं ते उद्या वकील साथी सांगतील. दुसरी यादी आजच दुरुस्त करायची.

माझं ते खोक्यांचं चित्र मी छापून आणलंय, जुनं आणि त्याची थट्टा, दोन्ही. सुरुवात त्याच्यापासून करा. आणि कृपा करून तळाची ओळही वाचा.